रन (इंग्रजी क्रियापद) : मराठी व जर्मन वाक्यप्रयोग

रन : पायांनी वेगाने पुढे जाण्याची क्रिया दर्शविणारे इंग्रजी क्रियापद. ‘रन–रॅन–रन’ अशी त्याची अनियमित रूपे असून मूळ अर्थापासून यंत्र, व्यवसाय, पाणी व निवडणूक येथवर त्याचा अर्थविस्तार झाला आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांच्या मोजणीत क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ भरले. या सर्वांसाठी मराठीत एक क्रियापद पुरत नाही. ते कर्ता, हेतू आणि कर्म पाहून निवडावे लागते.

गतीचा अर्थ : मराठीत या अर्थी ‘धावणे’ व ‘पळणे’ ही दोन क्रियापदे असून ती अनेकदा एकमेकांच्या जागी येतात. तथापि ‘पळणे’चे मूळ संस्कृत ‘पलाय्’, म्हणजे निसटून जाणे, या धातूत असल्यामुळे संकटातून सुटण्याची छटा त्यात टिकून आहे. म्हणून ‘चोर पळाला’, पण ‘शेजारी मदतीला धावले’ अशी वाक्ये स्वाभाविक वाटतात. इंग्रजीत दोन्हीकडे ‘रॅन’ चालते.

जर्मन प्रतिरूपे : फ्रांकफुर्टला लागून असलेल्या, हेसेन राज्यातील एश्बॉर्नमध्ये ‘रेनन’ हा शब्द नागरिकांच्या नित्य परिचयाचा आहे, कारण १९६२ मध्ये सुरू झालेली आणि आज एश्बॉर्न–फ्रांकफुर्ट या नावाने ओळखली जाणारी, परंपरेने १ मे रोजी होणारी सायकल शर्यत ‘राडरेनन’ म्हणवली जाते. ‘रेनन’ म्हणजे जोरात धावणे. ‘लाउफन’ मात्र धावण्यासाठी आणि बोलीत साध्या पायी चालण्यासाठीही वापरतात, तसेच यंत्र किंवा दुकान चालू आहे, असे सांगतानाही तेच येते. पायी जाणे आणि कार्यरत असणे हे दोन्ही अर्थ सांभाळणारे मराठी ‘चालणे’ या बाबतीत ‘लाउफन’च्या अगदी जवळ आहे, म्हणून इंग्रजी व जर्मन एकाच वेळी शिकणाऱ्या मराठी मुलाला ‘यंत्र चालते’ या वाक्याचा जर्मन पर्याय इंग्रजीपेक्षा सहज उमगू शकतो. रेल्वेचे मात्र वेगळे आहे : एश्बॉर्नला थांबणाऱ्या एस-३ व एस-४ गाड्यांसाठी जर्मनमध्ये वाहनाने जाणे या अर्थाचे ‘फारन’ वापरतात, तर मराठीत ‘गाडी उशिराने धावत आहे’ असेच म्हणतात, येथे मराठी इंग्रजीशी जुळते.

विस्तारित अर्थ : ‘नळ वाहत आहे’, ‘दूध संपले’, ‘वाटेत मित्राची गाठ पडली’, ‘ती निवडणुकीला उभी आहे’ ही चारही वाक्ये इंग्रजीत ‘रन’ने साधता येतात, यांतील एकाही ठिकाणी ‘धावणे’ योजल्यास मराठी वाक्य बिघडते.

प्रयोगभेद : ‘धावणे’ अकर्मक, म्हणजे कर्माची अपेक्षा नसलेले, असल्याने भूतकाळात क्रियापद कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते : ‘तो धावला, ती धावली’, यास कर्तरी प्रयोग म्हणतात. ‘चालवणे’ सकर्मक असल्याने कर्त्यास ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : ‘तिने दुकान चालवले, तिने खाणावळ चालवली’, हा कर्मणी प्रयोग होय. इंग्रजीत ‘शी रॅन’ व ‘शी रॅन अ शॉप’ यांत क्रियारूप तेच राहते, पण मराठीत क्रियापद, कर्त्याचे रूप आणि अन्वय ही तिन्ही बदलतात. म्हणून ‘रन’चा सुटा प्रतिशब्द पाठ करण्यापेक्षा तो कर्ता व कर्म यांसह पूर्ण वाक्यातच शिकणे श्रेयस्कर ठरते.