गोरिला घरी आला तेव्हा

१९८१ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'डाँकी काँग' हे नाणे टाकून खेळायचे यंत्र आणले. वर बसलेला गोरिला पिंपे सोडतो आणि खालचा सुतार उड्या मारून ती चुकवत शिड्या चढतो, असा हा खेळ. तो घरच्या संगणकावर उतरवण्याची धडपड लवकरच सुरू झाली. तिचा इतिहास आपल्याला वर्गात उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

उदाहरण म्हणून १९८२ सालचा ब्रिटिश 'झेडएक्स स्पेक्ट्रम' घेऊ. याचीच पुढची आवृत्ती १९८८ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात आणली होती. गंमत अशी, की खेळाच्या यंत्रात आणि स्पेक्ट्रममध्ये 'झेड-८०' हाच प्रक्रियक. यंत्रात तो सेकंदाला सुमारे ३०.७ लाख ठोक्यांनी चाले, स्पेक्ट्रममध्ये ३५ लाख ठोक्यांनी. म्हणजे घरचा संगणक किंचित वेगवानच! मग अडले कुठे?

अडले चित्रात. खेळाच्या यंत्रात हलणाऱ्या आकृत्या पार्श्वभूमीवर ठेवणारे स्वतंत्र मंडल होते. स्पेक्ट्रममध्ये ते काम प्रक्रियकालाच करावे लागे. पडदा सेकंदाला ५० वेळा उमटतो, म्हणजे एका वेळेला ७०,००० ठोके मिळतात. पडद्यावरील बिंदूंसाठी ६,१४४ बाइट लागतात आणि नेहमीच्या आज्ञेने एक बाइट हलवायला २१ ठोके. गुणाकार करा: १,२९,०२४. नुसता पडदा पुन्हा भरायलाच जवळजवळ दुप्पट वेळ! म्हणून पार्श्वभूमी स्थिर ठेवून तेवढा सुतार पुसायचा आणि शेजारी काढायचा, हा मार्ग बहुतेकांनी धरला. एकाच पडद्यावर घडणारे मजल्यांचे खेळ त्यामुळेच या संगणकांना मानवले.

रंगांची अडचण निराळी. ८ × ८ बिंदूंच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग चालत. सुतार तुळईच्या चौकटीत शिरला की त्याचा रंग तुळईला लागे, नाहीतर तुळईचा त्याला. आडव्या तुळया चौकटींच्या ओळीत बसवता येतात. पण डाँकी काँगच्या पहिल्या पडद्यावरच्या तुळया तिरप्या!

मूळ खेळाचे पडदे चार. कोलेकोव्हिजनच्या आवृत्तीत तीन उरले, अटारी २६०० वर दोनच. अटारीच्या ८-बिट संगणकासाठी लँडन डायरने १९८३ मध्ये चारही बसवले. काय गाळायचे हे ठरवणे हीच खरी कसोटी होती, असे आमचे मत.

बीबीसी मायक्रोसाठी एड्रियन स्टीफन्स या तरुणाने 'किलर गोरिला' लिहिला. तो १९८३ मध्ये निघाला. या संगणकाची स्मृती ३२ किलोबाइट, आणि सर्वाधिक रंग हवे असतील तर त्यातली २० पडद्यालाच जात. १९८४-८५ मध्ये 'क्लास' योजनेखाली भारतातील सुमारे २५० शाळांत पोचला तो हाच बीबीसी मायक्रो. त्याच्या मर्यादांशी झटून काही घडवण्याची संधी आपल्या किती मुलांना मिळाली? आम्हाला वाटते, फार थोड्यांना.

नरडाण्याच्या शाळेत संगणक नसला, तरी पुसण्याची एक युक्ती फळ्यावर दाखवता येते. पार्श्वभूमी १०१०, आकृती ०११०. अंक वेगळे तिथे १, सारखे तिथे ०: उत्तर ११००. त्यावर तीच आकृती पुन्हा त्याच नियमाने ठेवा. १०१० परत येते. आता दोन आकृत्या एकमेकींवर आल्या तर पडद्यावर काय दिसेल, हे मुलांना चौकटींच्या वहीत काढू द्या.