संगीतकार केशवराव भोळे आणि एका ‘अभंगा’चें कर्तृत्व

तुकारामबोवांच्या गाथ्यांत अस्सल कोणतें व मागाहून शिरलेलें कोणतें, हा वाद आमच्या वाचकांस नवा नाहीं. इ. स. १८६९ व १८७३ मध्यें सरकारी साह्यानें इंदुप्रकाश छापखान्यांतून दोन भागांत जो गाथा निघाला, त्यास देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील प्रतींचा आधार होता. पुढें इ. स. १९१९-२० मध्यें वि. ल. भावे यांनीं संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून ‘तुकारामबोवांचा अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला आणि प्रक्षिप्तांची चर्चा पुन्हां जोरानें सुरू झाली. परंतु ज्या एका पदाविषयीं येथें लिहावयाचें आहे, तें या दोहोंपैकीं कोणत्याहि गाथ्यांत नाहीं. कोणत्याहि जुन्या बाडांत तें असणें शक्य नाहीं. आणि तरीहि तें तुकारामाचें म्हणून महाराष्ट्रांत म्हटलें गेलें. ‘आधीं बीज एकलें’ हें तें पद. इ. स. १९३६ मध्यें निघालेल्या ‘संत तुकाराम’ या बोलपटासाठीं तें शांताराम आठवले यांनीं रचलें व त्यास चाल केशवराव भोळे यांनीं दिली. पदकर्त्याची हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. चाल देणाराकडे मात्र संशोधकांचें लक्ष सहसा जात नाहीं. आमच्या मतें या प्रकरणाचा उलगडा चालीवांचून होत नाहीं.

केशव वामन भोळे यांचा जन्म इ. स. १८९६ मध्यें अमरावतीस झाला. वैद्यकीचा अभ्यास सोडून ते गाण्याकडे वळले. रंगभूमीवर गायक नट म्हणून त्यांनीं कांहीं काळ काढला. पण त्यांचें खरें शिक्षण झालें तें ऐकण्यांत. तत्कालीन गवयांच्या मैफली कान देऊन ऐकाव्या, प्रत्येकाच्या गायकीची फोड करावी आणि ती निर्भीडपणें लिहावी, असा त्यांचा परिपाठ होता. ‘शुद्ध सारंग’ व ‘एकलव्य’ हीं त्यांचीं टोपणनांवें होत. ज्यानें स्वतःचें लिखाण दुसऱ्या नांवाखालीं छापलें, त्याचीच एक चाल पुढें एका पदावर भलत्याचें नांव चढविण्यास कारण व्हावी, हा योगायोग मौजेचा खरा. असो.

इ. स. १९३३ च्या जुलैंत नाट्यमन्वंतर या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक मुंबईस रंगभूमीवर आणलें. त्याचें संगीत भोळे यांचें होतें, आणि मूळच्या गोव्याच्या असलेल्या त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई यांची त्यांत भूमिका होती. तोंपर्यंत मराठी संगीत नाटकाची रीत अशी कीं, पद आलें म्हणजे नाटक थांबावयाचें आणि मैफल सुरू व्हावयाची. ‘वन्स मोअर’ मिळेल तितका वेळ ती चालावयाची. या नाटकांत पदें अगदीं मोजकीं ठेवलीं व तीं प्रसंगांतून निघतील अशा बेतानें घातलीं. गाणें प्रसंगाचें अंकित असावें, प्रसंग गाण्याचा नव्हे, हें भोळे यांचें तत्त्व येथें प्रथम ठळकपणें दिसतें. पुढील सर्व कामगिरीची किल्ली याच तत्त्वांत आहे.

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरास इ. स. १९२९ मध्यें स्थापन झाली व इ. स. १९३३ मध्यें पुण्यास आली. कोल्हापूरच्या मुक्कामांत तिच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाचें संगीत गोविंदराव टेंबे यांचें होतें, आणि त्यांतील पदांवर रंगभूमीची छाया स्वाभाविकपणेंच दाट आहे. टेंबे हे ‘मानापमाना’च्या चालींचे कर्ते होते हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें नवल वाटत नाहीं. पुण्यास आल्यावर ‘अमृतमंथन’ (१९३४) पासून भोळे कंपनींत आले. त्यांच्या जोडीस ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योति’ इत्यादि बोलपटांस संगीत देणारे मास्टर कृष्णराव होतेच. भोळे यांच्या वांट्यास ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माझा मुलगा’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’ व शेवटीं ‘रामशास्त्री’ (१९४४) हे बोलपट आले. यांपैकीं तीन संतांचे आहेत हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

‘संत तुकाराम’ हा दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केला. कथा शिवराम वाशीकर यांची. तुकारामाची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनीं केली. हे गृहस्थ पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. इ. स. १९३६ च्या डिसेंबरांत (शके १८५८) हा बोलपट मुंबईस लागला व तेथें वर्षाहून अधिक काळ चालला. पुढील वर्षीं व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. या कीर्तीचा विस्तार करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आपणांस पाहावयाचें तें त्यांतील एक पात्र : सालोमालो.

सालोमालो हें पात्र कथाकारानें हवेंतून निर्माण केलेलें नाहीं. गाथ्यांत त्याचा नामनिर्देश असलेले अभंग आहेत, आणि दुसऱ्याच्या वचनांची मोडतोड करून तीं आपलीं म्हणून मिरविणारावर त्यांत कोरडे ओढलेले आहेत. म्हणजे कर्तृत्वाच्या चोरीची फिर्याद खुद्द तुकारामानेंच करून ठेवली आहे. बोलपटाच्या आरंभीं तुकाराम एक अभंग तल्लीन होऊन गातो. लगेच तोच अभंग सालोमालोच्या तोंडीं ऐकूं येतो व तो आपलाच असल्याचा त्याचा दावा असतो. शब्द तेच, पण पहिल्या गाण्यांत साधेपणा, दुसऱ्यांत हरकती-मुरक्यांची वेलबुट्टी. प्रेक्षकांपुढें एकहि कागद न मांडतां धनी कोण आणि चोर कोण याचा निवाडा भोळे यांनीं केवळ चालीनें करून दाखविला आहे. हस्तलिखितें चाळणारास जें काम शाई, कागद व अक्षराचें वळण यांवरून करावें लागतें, तें येथें सुरांनीं केलें.

आतां मुख्य पदाकडे वळूं. एका बीजापासून अनेक वृक्ष, फुलें व फळें होतात, तरी शेवटीं सर्वांत ब्रह्म एकच, असा त्याचा आशय आहे. संतवाङ्मयांत हा विचार जागोजाग आढळतो. तेव्हां आशयावरून कर्ता ठरविण्याची सोय नाहीं. परंतु बाह्य लक्षणें पाहतां पद स्वतःच आपली ओळख सांगतें. त्यांत ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा नाहीं. विठ्ठलाचें नांव नाहीं. ओळी लहानमोठ्या असून त्या सहा-सहा-सहा-चार या मोठ्या अभंगाच्या किंवा आठ-आठ या लहान अभंगाच्या मापांत बसत नाहींत. ध्रुपदाचा शब्द शेवटीं पुन्हां आणून पद मिटविण्याची जी तऱ्हा आहे ती आधुनिक गीताची आहे. एखाद्या बाडांत असें पद सांपडलें असतें, तर कोणाहि सावध संपादकानें त्यावर प्रश्नचिन्ह घातलें असतें. आठवले यांनीं येथें खोटा दस्तऐवज केला असें म्हणणें म्हणूनच अन्यायाचें होईल. बनावट करणारा प्रथम मुद्रा उठवितो. यांनीं ती मुळींच उठविली नाहीं. शिवाय श्रेयनामावलींत गीतकार म्हणून त्यांचें नांव उघड आहे.

तरीहि हा अभंग कोणत्या प्रतींत मिळाला अशी पृच्छा जाणत्या मंडळींकडूनहि झाल्याचें सांगतात. हें कसें घडलें ? कांहीं अंशीं तें संगतीचें फळ आहे. बोलपटांत तुकारामाचे खरे अभंग आहेत. त्यांच्या रांगेंत, त्याच मुखांतून, त्याच वेषांत हें पद येतें. पण एवढ्यानें भागत नाहीं. कारण रांगेंत बसलेला उपरा आवाजावरून ओळखूं येतो. हें पद ओळखूं आलें नाहीं याचें श्रेय, किंवा म्हणा अपश्रेय, भोळे यांच्याकडे जातें. जुन्या अभंगांना त्यांनीं जी चालींची भाषा योजिली तीच या नव्या पदास दिली. तानेला जागा नाहीं. शब्द मोकळा व स्पष्ट राहतो. सूर थोड्या टापूंत फिरतो. ऐकणारास आपणहि म्हणावें असें वाटतें. बैठकीच्या गाण्याचा पिंड असलेल्या माणसास हा संयम सोपा नसतो. मुद्रेचें काम येथें चालीनें केलें आहे, असा आमचा अभिप्राय आहे.

हा संयम प्रासंगिक नव्हता याचा पुरावा दुसऱ्याच वर्षींच्या ‘कुंकू’ (१९३७) या बोलपटांत मिळतो. विषय जरठ-कुमारी विवाहाचा. कथा नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. तेथें पार्श्वसंगीत अजीबात गाळलें असून प्रसंगांतील स्वाभाविक आवाजांवरच सर्व भिस्त ठेविली आहे. याच बोलपटांत शांता आपटे यांच्या तोंडीं लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता घालण्याचें धाडसहि आहे. जेथें पात्र इंग्रजी शिकलेलें तेथें इंग्रजी गीत, जेथें वारकरी तेथें वारकऱ्याचें; आणि जेथें गाण्यास कारणच नाहीं तेथें कांहींच नाहीं. कार्य न करतांहि संगीतकार आपलें काम करतो ही गोष्ट बोलपटाच्या धंद्यांत त्या वेळीं किती जणांस मान्य झाली असती, याची कल्पना वाचकांनींच करावी.

भोळे यांनीं इ. स. १९६४ मध्यें ‘माझें संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, व आठवले यांचें ‘प्रभातकाल’ हेंहि उपलब्ध आहे. दोन्ही मोलाचीं आहेत. परंतु आत्मवृत्त हें बखरीच्या जातीचें साधन; घटनेनंतर पाव शतकाहून अधिक काळानें लिहिलेलें. तें समकालीन कागदांशीं ताडून घेतलें पाहिजे. आणि हे कागद म्हणजे काय, तर चित्रपटगृहाच्या दाराशीं विकलीं जाणारीं गाण्यांचीं पुस्तकें, ध्वनिमुद्रिका व त्यांच्यावरील छापील चकत्या, जाहिरातपत्रकें, आणि खुद्द फीत. संग्राहकांनीं यांस आजवर रद्दीच मानिलें. त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांवर गायकाचें नांव ठळक असे. कवीचें व चाल देणाराचें असेलच असा नेम नसे. मूळ फितींची स्थिति तर पोथ्यांहूनहि नाजूक. नायट्रेटची फीत आपोआप कुजते व चटकन् पेट घेते. इ. स. २००३ च्या जानेवारींत पुण्यास, जेथें पूर्वीं प्रभातचा कारखाना होता त्याच आवारांत, आग लागून अशा कितीएक जुन्या फिती भस्मसात झाल्या. त्यांत प्रभातच्याहि होत्या. जुनीं दप्तरें जळालीं म्हणून आपण हळहळतों. ही होळी आपल्या डोळ्यांदेखत झाली.

या पदाचा संग्राहकांस एक प्रत्यक्ष उपयोगहि आहे, तो नमूद करतों. भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्यांवर बहुधा मिति नसते, आणि कागद व लेखणीवरून केलेला अंदाज पांच-पंचवीस वर्षांनीं चुकूं शकतो. ज्या वहींत ‘आधीं बीज एकलें’ हें पद मूळ लेखकाच्याच हातानें व मूळ ओघांत लिहिलेलें असेल, ती वही शके १८५८ च्या पूर्वींची नव्हे, हें निश्चित. मात्र पद समासांत, कोऱ्या सोडलेल्या पानावर किंवा निराळ्या शाईनें लिहिलें असेल, तर तें मागाहून घातलें असण्याचा संभव आहे, आणि मग त्यावरून सबंध वहीचा काळ ठरवूं नये. त्याच्या शेवटीं कोणी ‘तुका म्हणे’ची ओळ जोडली आहे काय, हेंहि मुद्दाम पाहावें, तशी ओळ मिळाल्यास प्रक्षिप्त कसें जन्मास येतें याचा तो उत्कृष्ट नमुना ठरेल. अशी वही, अथवा ‘संत तुकाराम’ बोलपटाच्या गाण्यांचें मूळ पुस्तक ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं पानांचा क्रम, शाई व मलपृष्ठावरील मजकूर यांसह त्याचें वर्णन त्रैमासिकाकडे धाडावें.