विकायचं घर: खण, ताबा आणि पुराची रेघ

घर विकायचं ठरलं की आज आपण आधी रंगारी बोलावतो. सातारा-सांगलीकडे ही पद्धत तशी अलीकडची. जुन्या खरेदीखतात घराचं वर्णन येतं ते चतुःसीमांनी: पूर्वेस अमक्याची भिंत, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस परस. मग घर किती खणांचं ते. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. जमिनीच्या जुन्या कागदांत तर जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी सगळी यादीच असते. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ पुरलेलं धन! तेही घेणाऱ्याचं. अशा व्यवहाराची तयारी म्हणजे सीमा पक्क्या करणं आणि भाऊबंदांची संमती मिळवणं. चुना काय, सणावारी लागायचाच.

हे चित्र पालटलं १९४८ नंतर. गांधीहत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, अनेक कुटुंबं पुण्या-मुंबईकडे निघून गेली. पुढे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं कसणारा मालक ठरला. ज्यांचं घर शेतीच्या उत्पन्नावर उभं होतं, त्यांना वाडा सांभाळणं जड झालं. विकणारा पुण्यात, वाडा साताऱ्यात, आत भाडेकरू. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडं गोठलेलं. अशा वाड्याला रंग देऊन काय होणार? घेणारा एकच विचारायचा: ताबा रिकामा मिळणार का?

म्हणजे घर विकायला तयार करणं याचा अर्थ झाला माणसं बाहेर काढणं. कधी पैसे देऊन, कधी कोर्टात, कधी नळ-छप्पर दुरुस्त न करता वाट बघून. आम्हाला वाटतं, आपल्या पेठांतले वाडे पडले त्यामागे पावसाइतकाच हा हिशेबही आहे. यात भाडेकरूची बाजू कुणी फारशी लिहिली नाही. मालकाच्या आठवणी तेवढ्या छापल्या गेल्या. आणि वाडा उतरवला की सागवान घनफुटावर विकलं जायचं. कोरीव दार एखाद्या संग्राहकाच्या हाती लागलं तर नशीब.

सांगलीत मात्र रंगाचा प्रश्न वेगळाच आहे. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर आले. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभाग, मारुती चौक इथल्या भिंतींवर मातकट रेघ उमटली. घर विकायचं तर पहिली पुसली जाते ती हीच. पुट्टी, दोन हात रंग, झालं. पण जुन्या मातीच्या-विटांच्या भिंतीतली ओल कुठं जाते? रंगाला पोपडे येतात, लोणा फुटतो.

कायदा काय म्हणतो? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम ५५ सांगतं, की विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. आता सगळ्या गावाला ठाऊक असलेला पूर 'न दिसणारा' धरायचा का, यावर वकील मंडळी भांडतील. गावातल्या माणसाला ते ठाऊक असतं. फसतो तो बाहेरून नोकरीसाठी आलेला.

आमचं म्हणणं रंग देऊ नका असं नाही. घर स्वच्छ दिसावं, चार पैसे जास्त यावेत, यात गैर काही नाही. पण पुलावरच्या आकड्यावरून तुमच्या बोळात पाणी किती चढलं ते कळत नाही. ते सांगते ही रेघच. म्हणून रंगारी यायच्या आधी एवढं करा: उंबरठ्यापासून रेघेपर्यंत टेप लावा, फोटो काढा, साल घाला. एक प्रत घेणाऱ्याच्या हातात द्या, एक नगरवाचनालयात आणून ठेवा.