एकाच पंगतीत : हवाई बेटांवरील दोन ताटांचा इतिहास

१/
होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर मधुचंद्रासाठी आलेल्या जोडप्यापुढे रोज संध्याकाळी एकच प्रश्न उभा राहतो : आज जेवायचे कुठे? एका बाजूला कापाहुलू रस्त्यावरची खिडकी. तेथे पुठ्ठ्याच्या डब्यात भाताचे दोन गोळे, मॅकरोनी सॅलड आणि मांसाचा एक प्रकार मिळतो. दुसऱ्या बाजूला समुद्रालगतच्या जुन्या हॉटेलातील पांढऱ्या चादरीचे मेज. प्रश्न खिशाचा वाटतो. प्रत्यक्षात तो इतिहासाचा आहे. खिडकी उसाच्या मळ्यांनी घडवली, मेज आगबोटींनी. आणि या दोघांनी एकत्र बसून जेवणे, हाच या बेटांवर १८१९ पर्यंत गुन्हा होता.

२/
जुन्या हवाईत जेवणाला कडक निर्बंध होते. त्या व्यवस्थेला ‘आयकापू’ म्हणत. ‘आय’ म्हणजे खाणे, ‘कापू’ म्हणजे निषिद्ध. स्त्री-पुरुषांची जेवणघरे वेगळी, जमिनीत खणलेल्या भट्ट्याही वेगळ्या. डुकराचे मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही मासे स्त्रियांना वर्ज्य होते. नियम मोडणाऱ्याला मृत्युदंडही होऊ शकत असे. पतिपत्नी एका छपराखाली राहू शकत, पण एका पंगतीला बसू शकत नसत. राजाची राणीही याला अपवाद नव्हती.

३/
बेटे एका छत्राखाली आणणारा राजा कामेहामेहा पहिला मे १८१९ मध्ये वारला. गादीवर आलेला मुलगा लिहोलिहो विशीतला होता. खरी सत्ता मात्र दोन स्त्रियांच्या हाती होती : दिवंगत राजाची प्रिय राणी काआहुमानू आणि लिहोलिहोची आई केओपुओलानी. आईने आपल्या धाकट्या मुलाबरोबर जेवण करून पहिला नियम मोडला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये कैलुआ येथे मेजवानी झाली. तरुण राजा आपल्या जागेवरून उठला, स्त्रियांच्या मेजाशी जाऊन बसला आणि जेवू लागला. या घटनेचे नाव ‘आयनोआ’, म्हणजे मुक्त भोजन.

४/
एका घासाने राज्याची घडी बदलली. जेवणाचा निर्बंध मोडूनही देवांचा कोप झाला नाही, म्हणजे बाकीचे निर्बंधही गेले. देवळे पाडण्याचे, मूर्ती जाळण्याचे हुकूम सुटले. राजाचा चुलतभाऊ केकुआओकालानी जुन्या धर्माच्या बाजूने उभा राहिला. डिसेंबर १८१९ मध्ये कुआमोओ येथे लढाई झाली आणि तो पडला. त्याची पत्नी मानोनो त्याच्या शेजारी लढत मारली गेली. पुढच्याच वर्षी बोस्टनहून ख्रिस्ती मिशनरी आले, तेव्हा ज्या धर्माशी त्यांना झुंजायचे होते तो राजाज्ञेने आधीच मोडीत निघालेला होता.

५/
आज पर्यटकांना ज्या मेजवानीची तिकिटे विकली जातात, त्या ‘लुआऊ’चा पाया या घासात आहे. ‘लुआऊ’ हा शब्द मुळात अळूच्या पानाचा. हवाईचा ‘कालो’ म्हणजे आपला अळूच. वनस्पतीची जात एकच. पानात मांस-मासे गुंडाळून वाफवले की ‘लाउलाउ’ होतो. कंद शिजवून, कुटून, पाणी घालून मळला की ‘पोई’. या पारंपरिक ताटातला ‘लोमी सॅमन’ मात्र पाहुणा आहे. सॅमन मासा हवाईच्या समुद्रात मिळत नाही. तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून खारवून जहाजाने येत असे.

६/
आता खिडकीची कथा. १८३५ मध्ये काउआई बेटावर कोलोआ येथे उसाचा मोठा मळा सुरू झाला. १८७५ च्या करारानुसार हवाईची साखर अमेरिकेत विनाजकात जाऊ लागली आणि मळे झपाट्याने वाढले. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन लोकसंख्या खंगत चालली होती. म्हणून मजूर समुद्रापलीकडून आणले गेले. १८५२ मध्ये चिनी, १८६८ मध्ये जपानी, १८७८ मध्ये पोर्तुगीज, १९०३ मध्ये कोरियन, १९०६ मध्ये फिलिपिनो. मळेवाल्यांनी त्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवल्या आणि मजुरीचे दरही वंशानुसार वेगळे ठेवले.

७/
मजूर पहाटे डबा घेऊन निघत. त्याला ‘काउकाउ टिन’ म्हणत. खालच्या कप्प्यात भात, वरच्या कप्प्यात तोंडी लावणे. दुपारी शेताच्या बांधावर डबे उघडत आणि वरच्या कप्प्यातले पदार्थ इकडून तिकडे फिरत. वेगळ्या वस्त्यांतल्या माणसांची भाषा आणि चव मळ्यात अशी मिसळत गेली. १९२० मध्ये ओआहू बेटावरच्या जपानी आणि फिलिपिनो मजुरांनी मिळून संप केला. फ्लूची साथ चालू असतानाही मळेवाल्यांनी संपकऱ्यांच्या हजारो माणसांना राहत्या घरांतून बाहेर काढले. वेगळ्या दरांनी वेगळी ठेवलेली माणसे एकत्र उभी राहू शकतात, हे मात्र त्या संपाने दाखवून दिले.

८/
डब्याचेच पुढे ‘प्लेट लंच’ झाले. मळ्याबाहेर गोदी आणि अननसाच्या कारखान्यांजवळ गाड्यांवरून मजुरांना जेवण विकले जाऊ लागले. भात आशियाई, मॅकरोनी सॅलड अमेरिकी, मांसावरचा गोडसर सोया रस जपानी. गाड्यांची पुढे दुकाने झाली. १९५२ मध्ये कापाहुलू रस्त्यावर लिओनार्ड्स बेकरी सुरू झाली आणि ‘मालासादा’ ही पोर्तुगीज मजुरांची तळलेली गोड पोळी शहराची झाली. त्याच रस्त्यावर १९६१ मध्ये रेनबो ड्राइव्ह-इन उघडले. त्याचे संस्थापक सेइजू इफुकू दुसऱ्या महायुद्धात जपानी-अमेरिकन सैनिकांच्या १०० व्या बटालियनमध्ये स्वयंपाकी होते.

९/
पांढऱ्या चादरीच्या मेजाची कथा पाण्यापासून सुरू होते. ‘वायकीकी’ म्हणजे उसळणारे पाणी. डोंगरातून उतरणारे ओढे येथे पसरत आणि अळूची पाणथळ खाचरे व मासळीची तळी भरत. पुढे चिनी शेतकऱ्यांनी येथे भातही पिकवला. किनाऱ्यावर हेलुमोआची नारळीबाग होती आणि राजघराण्यातील लोक येथे विसाव्याला येत. ज्या जागी आज अन्न बोटीने आणि विमानाने येऊन पोचते, ती जागा शतकानुशतके स्वतःचे अन्न स्वतः पिकवत होती.

१०/
१७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत करण्यात आले. उठावामागे मुख्यतः अमेरिकी आणि युरोपीय वंशाचे व्यापारी आणि जमीनदार होते आणि अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरले होते. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, ११ मार्च १९०१ रोजी, वायकीकीत मोआना हॉटेल उघडले. खोलीचा दर दिवसाला दीड डॉलर. १९०४ मध्ये त्याच्या अंगणात भारतीय जातीचा वड लावला गेला. त्याच वडाखाली आज जोडपी मेणबत्तीच्या उजेडात जेवतात.

११/
मग पाणी हटवण्यात आले. १९२१ ते १९२८ या काळात आला वाय कालवा खणला गेला, ओढे त्यात वळवले गेले आणि खाचरे-तळी भरून बांधकामाची जमीन तयार झाली. १ फेब्रुवारी १९२७ रोजी मॅटसन आगबोट कंपनीचे गुलाबी रंगाचे रॉयल हवाईयन हॉटेल हेलुमोआच्या नारळीबागेत उघडले. खर्च सुमारे ४० लाख डॉलर. त्याच वर्षी कंपनीची ‘मालोलो’ ही आलिशान बोट श्रीमंत प्रवासी घेऊन होनोलुलूला येऊ लागली. बोटही कंपनीची, हॉटेलही कंपनीचे. भोजनगृहाची रीत मात्र अमेरिकी आणि युरोपीय. खिडकीबाहेर हवाई, ताटात खंडापलीकडचे जेवण.

१२/
‘बेटावरचे जेवण’ म्हणून जगाने ओळखले तेही बरेचसे कॅलिफोर्नियात रचलेले होते. माय ताय हे रमचे पेय ट्रेडर व्हिक या नावाने प्रसिद्ध असलेल्या व्हिक्टर बर्जरॉनने आपण १९४४ मध्ये ओकलंड येथे तयार केल्याचे सांगितले. १९५३ मध्ये त्यानेच ते रॉयल हवाईयनच्या पेययादीत आणले. अननसही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले आणि जेट विमाने येऊ लागली. त्या वर्षी सुमारे अडीच लाख पर्यटक आले; १९६७ मध्ये त्यांची संख्या दहा लाखांवर गेली. १९६४ मध्ये जपानने परदेश प्रवासावरचे निर्बंध सैल केले आणि जपानी नवविवाहितांची रीघ लागली. धनिकांचा मधुचंद्र मध्यमवर्गाचा झाला.

१३/
गर्दी वाढली, पण विसंगती तशीच राहिली. चारही बाजूंनी समुद्र असताना मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत बाहेरून आलेला गोठवलेला माल वापरला जाई. १९८८ मध्ये रॉय यामागुची, पीटर मेरीमन आणि बेव्ह गॅनन यांनी बेटांवर आपापली उपाहारगृहे उघडली. १९९१ मध्ये अशा १२ बल्लवाचार्यांनी एकत्र येऊन ‘हवाई रीजनल क्विझीन’ ही चळवळ सुरू केली. त्यांनी शेतकऱ्यांना काय पिकवायचे ते सांगितले आणि कोळ्यांकडून ताजा मासा घेतला. भाजी कोणत्या मळ्यातली, हे पदार्थांच्या यादीवर छापले जाऊ लागले. मळ्याच्या बांधावर डब्यांतून एकत्र आलेल्या चवी पहिल्यांदाच पांढऱ्या चादरीवर सन्मानाने आल्या. खिडकी आणि मेज यांच्यातली भिंत येथे पातळ झाली.

१४/
मूळ हवाईयन जेवण मात्र या दोन्ही टोकांच्या मधे कुठे तरी लहान जागांत टिकले. १९४६ मध्ये हेलन चॉक यांनी होनोलुलूत हेलेनाज हवाईयन फूड सुरू केले. चुलीवर टांगून सुकवलेल्या मांसाचा ‘पिपिकाउला’, भट्टीतले ‘कालुआ’ डुक्कर, लाउलाउ, पोई. ना चादर, ना समुद्राचे दृश्य. २००० मध्ये जेम्स बीअर्ड प्रतिष्ठानने या साध्या जागेला ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा पुरस्कार दिला. साधे म्हणजे हलके आणि महाग म्हणजे अस्सल, हा समज या एका जागेपुढे टिकत नाही.

१५/
या दुकानांतला पोई मुबलक का नसतो, याचे उत्तर जमिनीत आणि पाण्यात आहे. हवाईयन कथेनुसार अळू हा माणसाचा थोरला भाऊ. आकाशपिता वाकेआचे मृत जन्मलेले मूल जमिनीत पुरले, त्यातून पहिले अळू उगवले. नंतर जन्मलेला धाकटा भाऊ माणसांचा पूर्वज झाला. या थोरल्या भावाला वाहते पाणी लागते. वायकीकीत ते हॉटेलांसाठी वळवले गेले. माउई बेटावर १८७० च्या दशकापासून पाटांनी उसाकडे नेले गेले. माउईवरचा, आणि हवाईतलाही, शेवटचा साखर मळा २०१६ मध्ये बंद झाला. २०१८ मध्ये राज्याच्या जलआयोगाने पूर्व माउईतील अनेक ओढ्यांमध्ये पाणी पुन्हा सोडण्याचा आदेश दिला. अळू पिकवणाऱ्या कुटुंबांनी त्यासाठी अनेक वर्षे लढा दिला होता.

१६/
म्हणून जोडप्याच्या त्या संध्याकाळच्या प्रश्नाला ‘स्वस्त की महाग’ एवढ्याने उत्तर मिळत नाही. दुपारी खिडकीतला डबा घेतला, तर त्यात मळ्यावरच्या पाच देशांची शिदोरी असते. एखाद्या रात्री चादरीच्या मेजावर बसायचे ठरले, तर यादीतला मासा कुठल्या पाण्यातला आणि भाजी कुठल्या मळ्यातली, हे तेथे विचारता येते. १९९१ नंतर तो प्रश्न विचारणे रीतीला धरून आहे. आणि एकदा तरी पोई पुढे यावा. पहिल्या घासाला तो बेचव, आंबूस वाटतो. खारवलेल्या सॅमनबरोबर किंवा कालुआ डुकराबरोबर तो समजतो. ज्या जमिनीवर हॉटेल उभे आहे तिची मूळ चव तीच आहे.

१७/
कैलुआच्या ज्या कामाकाहोनू खाडीकाठी १८१९ मध्ये लिहोलिहो स्त्रियांच्या मेजाशी जाऊन बसला, तेथे आज एक हॉटेल आहे. समोर पाण्याच्या कडेला आहुएना या जुन्या देवस्थानाची पुनर्रचित वास्तू दिसते आणि हॉटेलच्या आवारात लुआऊ भरतो. लांब मेजांवर नवविवाहित जोडपी शेजारी शेजारी बसतात आणि डुकराचे मांस एकमेकांच्या ताटात वाढतात. दोनशे वर्षांपूर्वी याच काठावर हे करायला राजाला धैर्य लागले होते.