टर्बोची शिट्टी, निळा धूर

एटापल्लीहून आलापल्लीकडे निघालात, जंगलातच गाडीची ओढ गेली, वर शिट्टी वाजतेय. काय कराल?

वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबायची युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीची, पेटंट १९०५ चं. १९६२ च्या अमेरिकन ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये तर टर्बोसोबत पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी होती. लोक ती भरायलाच विसरायचे! शेवटी कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो काढून दिले.

आपण विसरतो ते ऑइल. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. काळा धूर असेल तर आधी हवेचा पाइप फाटलाय का बघा, स्वस्तात सुटाल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथेच थांबा. मेकॅनिकला शाफ्ट हलवून बघायला सांगा. आतला कोर बदललात तर ऑइलची बारीक नळीही बदला, नाहीतर नवा कोरही जाईल.