विरारचा पास आणि लशीचे दोन डोस

साथ आली की सरकारची नजर आधी रेल्वेवर जाते. मुंबईत प्लेग पसरल्यावर इंग्रजांनी १८९७ साली साथरोग कायदा केला आणि रेल्वेने जाणाऱ्यांची तपासणी करून संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यातच लिहून घेतला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी हाच कायदा पुन्हा हाती घेतला. विरारहून १८६७ मध्ये पहिली उपनगरी गाडी सुटली होती. २०२० पर्यंत त्याच रुळांच्या भरवशावर लाखोंचे शहर उभे राहिले होते. म्हणून लोकल बंद होण्याचा जमाखर्च मुंबईत एक आणि विरारमध्ये दुसराच निघतो.

मार्च २०२० मधली लोकलबंदी मला योग्यच वाटते. विषाणूची पुरती ओळख नव्हती, लस नव्हती आणि विरार लोकलच्या डब्यात अंतर राखणे अशक्य होते. पण १५ जूनपासून गाड्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी धावू लागल्या, तेव्हा बाकीच्यांचे काम थांबलेले नव्हते. दादरच्या माणसाला बेस्टची बस होती. साठ किलोमीटरवरून येणाऱ्याला एसटीची रांग. २२ जुलैला नालासोपाऱ्यात प्रवासी रुळांवर उतरले ते यामुळेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वांना मुभा मिळाली, तीही सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. दहा ते सहाची नोकरी या वेळांत बसत नाही.

खरा प्रश्न १५ ऑगस्ट २०२१ पासूनच्या अटीचा आहे. दोन डोस आणि त्यानंतर चौदा दिवस, तरच पास. लशीच्या उपयोगाबद्दल मला शंका नाही. गंभीर आजार आणि मृत्यू तिने नक्कीच घटवले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून तेरा रुग्ण त्याच दिवशी दगावले. ज्या शहरात अशा खाटांवर जीव टांगलेले होते, तिथे लोकांना त्या खाटेपर्यंत जाऊच न देणारी लस ही फार मोठी गोष्ट होती. अटीमुळे लसीकरणाला जोर येईल आणि डब्यातला धोका घटेल, हा युक्तिवादही पोकळ नाही. पण अट पाळणे माणसाच्या हातात असावे लागते. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण राज्याने तुटवड्यामुळे मे महिन्यात थांबवले होते. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर सक्तीचे होते. १ जुलैला पहिला डोस मिळालेल्या तरुणाला पास ७ ऑक्टोबरपर्यंत मिळणार नव्हता, त्याने कितीही धावपळ केली तरी. परदेशी नोकरीला वा शिकायला जाणाऱ्यांसाठी मात्र केंद्राने जूनमध्येच हे अंतर २८ दिवसांवर आणले होते. चर्चगेटच्या नोकरीला ती सवलत नव्हती.

साथीत सगळ्यांना थोडी झळ सोसावीच लागते, असे यावर म्हटले जाते. झळ समान असती तर ते पटले असते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लशीची सक्ती करता येणार नाही असे सांगितले, पण प्रमाणात असलेले निर्बंध घालण्याची मुभाही ठेवली. त्या मापाने पाहिले तर ऑगस्ट २०२१ मध्येच मधला मार्ग होता: एक डोस घेतलेल्यांना नोकरीच्या पत्रावर पास आणि वसई-विरारच्या केंद्रांवर आधी प्रवाशांना दुसरा डोस.