स्वयंचलनाची परिभाषा : भाटघरच्या दरवाजांपासून ईथरनेटपर्यंत

परिभाषेचा इतिहास म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीचा इतिहास, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः पूर्वी एकत्र नांदणाऱ्या क्रिया विभक्त झाल्या म्हणजे नव्या संज्ञेची गरज उत्पन्न होते. कारखान्यातील यंत्रे ज्या जाळ्यावरून परस्परांस संदेश धाडतात त्या औद्योगिक ईथरनेटच्या संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत. त्यासाठी भोर व वेल्हे या भागांपासून आरंभ करणे सोयीचे होईल.

भोर तालुक्यातील भाटघर धरणास ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली खडकवासल्यास बसविलेले स्वयंचलित दरवाजे तर सुप्रसिद्धच आहेत. अशा दरवाजांचे तत्त्व साधे आहे. पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पाण्याच्याच बळाने तोल बदलतो व दरवाजा उघडतो. मापन, निर्णय आणि कृती ही तिन्ही कार्ये एकाच ठिकाणी घडतात. संदेश कोठेच जात नाही. म्हणून संदेशाची परिभाषाही येथे निर्माण झाली नाही.

या साधेपणास मर्यादा आहे. असा दरवाजा आपणांस भिडलेले पाणीच जाणतो; वरच्या खोऱ्यातील वार्ता त्यास नसते. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही त्याच दिवशी फुटले आणि पुणे शहर जलमय झाले. वार्तेचे मोल ती किती वेगाने निघाली यावर नव्हे, तर ती वेळेत पोहोचली की नाही यावर ठरते, हा धडा त्या दिवसाने शिकविला.

कारखान्यात सेन्सर, नियंत्रक व मोटार ही वेगळी झाली तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. १९७९ च्या मॉडबसने नियंत्रकाने विचारावे व उपकरणाने उत्तर द्यावे अशी रीत घालून दिली. ईथरनेटचा उगम मात्र १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात, संगणक जोडण्यासाठी झाला. प्रकाशाचे माध्यम म्हणून कल्पिलेल्या ‘ईथर’वरून त्यास नाव मिळाले. आरंभीच्या ईथरनेटमध्ये दोन संदेश आदळले तर प्रेषक यदृच्छेने ठरलेला काळ थांबून पुन्हा पाठवीत. कचेरीत हे चालते. फिरत्या यंत्रास चालत नाही. पुढे स्विचमुळे टक्कर टळली, तरी रांगेतील विलंब उरला.

या अडचणीतूनच पुढील संज्ञांना महत्त्व आले. ‘सायकल टाइम’ म्हणजे सर्व उपकरणांशी एक देवघेव पुरी होण्याचा काळ. ‘जिटर’ म्हणजे त्या काळात पडणारा मागेपुढेपणा. ‘डिटर्मिनिझम’ म्हणजे विलंबाची कमाल मर्यादा आधीच ठाऊक असणे. २००३ च्या ईथरकॅटमध्ये एकच फ्रेम सर्व उपकरणांतून सरकत जाते. प्रत्येक उपकरण जाता जाता आपली आज्ञा उचलते व आपले मापन तीत ठेवते.

‘रिअल-टाइम’ या संज्ञेस मराठीत ‘तत्काळ’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ‘तत्काळ’ हा शब्द वेग सांगतो. मूळ संज्ञा मुदत सांगते. दहा मिलिसेकंदांची मुदत दर वेळी पाळणारे जाळे या अर्थाने रिअल-टाइम ठरते. एरवी एका मिलिसेकंदात पोहोचणारे, परंतु क्वचित मुदत चुकविणारे जाळे ठरत नाही. म्हणून ‘कालबद्ध’ हाच पर्याय आम्हांस ग्राह्य वाटतो. पाण्याच्या तोलावर उघडणाऱ्या दरवाजास या शब्दाची गरज नव्हती. दूरच्या संदेशाची वाट पाहणाऱ्या प्रत्येक दरवाजास ती आहे.